‘कान्तेले’ हे नाव आले कुठून?

प्रश्न थोडक्यात असा. स्वरमंडल घेऊन गाणाऱ्या एका वाचकाने फिनलंडचे ‘कान्तेले’ हे तंतुवाद्य ऐकले. मांडीवर घेऊन वाजवायचे, तारा मोकळ्या, रूप ओळखीचे. नावाचा शोध घेताना त्यांच्या वाचनात तीन गोष्टी आल्या : हा शब्द लॅटिन ‘कान्तारे’ म्हणजे गाणे यावरून आला, तो आपल्या ‘कंठ’चा भाऊ आहे, आणि अरबी-तुर्की ‘कानून’ हे वाद्य त्याच कुळातले आहे. यातले खरे किती, असे त्यांनी विचारले आहे.

कंठ सोडून द्या. कानूनही सोडून द्या, त्याच्याकडे पुढे येते. लॅटिनकडून फिनिशने हा शब्द घेतलेला नाही, पण लॅटिनशी त्याचे दूरचे नाते असू शकते. शब्द आला तो बाल्टिक भाषांतून, म्हणजे आजच्या लिथुआनियन आणि लाटवियनच्या पूर्वजाकडून, आणि तोही रोमचे साम्राज्य उभे राहण्याच्या कितीतरी आधी. मी तौलनिक भाषाशास्त्र शिकवते, आणि विद्यार्थ्यांना उसने शब्द कसे तपासायचे हे दाखवायला मला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही. म्हणून उत्तर जरा लांबते आहे.

आधी सगळे साक्षीदार रांगेत उभे करू. फिनिशमध्ये कान्तेले, कारेलियनमध्ये कान्देलेह, एस्टोनियनमध्ये कान्नेल (षष्ठीत कान्दले), लिव्होनियनमध्ये कान्दला. या सगळ्या फिनिक भाषा, एकमेकींच्या सख्ख्या बहिणी. त्यांच्या दक्षिणेला लिथुआनियनमध्ये कांक्लेस आणि लाटवियनमध्ये कुओक्ले. लाटवियन लिपीत हा शब्द ‘कोक्ले’ असा लिहितात, पण उच्चार कुओक्ले. या दोन बाल्टिक भाषा, म्हणजे इंडो-युरोपीय. फिनिक भाषांचे कूळ अगदी वेगळे, उरालिक. वाद्य मात्र सगळीकडे जवळजवळ तेच : लाकडात कोरलेली पोकळ पेटी, तारा एका टोकाला जवळजवळ एकत्र येणाऱ्या आणि दुसऱ्या टोकाला पंख्यासारख्या पसरणाऱ्या.

शब्द इतके सारखे आहेत की कुणीतरी कुणाकडून घेतला हे उघड आहे. कुणी कुणाकडून, हा खरा प्रश्न. इथे बरेच हौशी लोक नकाशा काढतात आणि ‘वाद्य कुठे जास्त प्रिय आहे’ यावरून निकाल देतात. तसे केले तर फिनलंडच जिंकणार, कारण तिथे ते राष्ट्रीय वाद्य आहे. पण लोकप्रियता हा पुरावा नव्हे. पुरावा शब्दाच्या पोटात असतो, आणि इथे तो एका व्यंजनात आहे : फिनिशमध्ये ‘त’, लिथुआनियनमध्ये ‘क’.

त्याआधी लाटवियनचे एक किरकोळ प्रकरण मिटवू. लाटवियनमध्ये झाडाला, लाकडाला ‘कुओक्स’ म्हणतात. साहजिकच तिथे अनेकांना वाटते की कुओक्ले म्हणजे ‘लाकूडवाली’. गोड आहे, पण टिकत नाही. जुन्या बाल्टिकमधला ‘आन्’ लाटवियनमध्ये नियमाने ‘उओ’ होतो. लिथुआनियनमध्ये हात म्हणजे रांका, लाटवियनमध्ये रुओका. तसेच कांक्लेस आणि कुओक्ले. लाकडाच्या शब्दात मात्र न् कधीच नव्हता. लिथुआनियनमध्ये त्याचे भावंड कुओका, म्हणजे सोटा. दोन वेगळ्या वाटांनी आलेले शब्द लाटवियनमध्ये योगायोगाने एका दारात उभे राहिले, एवढेच.

आता त आणि क. संस्कृतातला ‘त्र’ प्रत्यय तुम्हाला माहीत आहे, नाव ठाऊक नसले तरी. पा म्हणजे पिणे, पात्र म्हणजे पिण्याचे साधन. नी म्हणजे नेणे, नेत्र म्हणजे नेणारा, वाट दाखवणारा. वस्त्र, अस्त्र, श्रोत्र, खनित्र, सगळी साधने. वाद्यासाठीचा संस्कृत शब्द ‘वादित्र’ हाही याच साच्यातला. मूळ इंडो-युरोपीय भाषेत हा प्रत्यय दोन रूपांत होता, एक र-वाला आणि एक ल-वाला : त्रो आणि त्लो. संस्कृताने त्र ठेवला. लॅटिनने काही शब्दांत त्लो घेतला आणि त्यातल्या ‘त्ल’चा ‘क्ल’ केला. म्हणून आपले पात्र आणि लॅटिन पोकुलुम, म्हणजे पेला, हे एकाच साच्यातले. लिथुआनियन आणि लाटवियननेही, लॅटिनशी काहीही संबंध नसताना, हेच केले. ‘त्ल’ म्हणताना जीभ अडखळते आणि मागे घसरून ‘क्ल’ म्हणते, ही प्रवृत्ती जगात ठिकठिकाणी दिसते.

याचा सर्वांत देखणा पुरावा म्हणजे वल्हे. संस्कृतात वल्ह्याला ‘अरित्र’ म्हणतात, लिथुआनियनमध्ये ‘इर्क्लास’. धातू तोच, वल्हवणे. प्रत्यय तोच, साधनाचा. संस्कृतात त्र, लिथुआनियनमध्ये क्ल, कारण मधल्या काळात ते त्ल होते. नांगराचेही तसेच : लॅटिन अरात्रुम, लिथुआनियन आर्क्लास. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लोप पावलेली जुनी प्रशियन ही बाल्टिक भाषा तर एका शब्दात अजून ‘त्ल’च दाखवते. तिथे ‘खूण केलेला’ यासाठी ‘एब्सेन्त्लिउन्स’ असे रूप सोळाव्या शतकातल्या छापील पुस्तकात मिळते, आणि त्याच घरातला लिथुआनियन शब्द आहे ‘झेंक्लास’, खूण. म्हणजे त्लचा क्ल होणे ही आमच्यासारख्यांची कल्पना नाही. दोन्ही टप्पे कागदावर सापडतात.

मग लिथुआनियन कांक्लेसचे जुने रूप काय असेल? *कान्त्लेस किंवा *कान्त्लिस. (शब्दापुढचा तारा म्हणजे हे रूप कुठे लिहिलेले सापडलेले नाही, नियम उलटे चालवून काढले आहे.) आणि आता फिनिशकडे पाहा : कान्तेले. तो हरवलेला त इथे जसाच्या तसा बसला आहे.

उलटे गृहीत धरून बघा, म्हणजे हिशेब पक्का होतो. समजा बाल्टिक लोकांनी क्ल झाल्यानंतरचा शब्द फिनिक लोकांना दिला. तर फिनिशमध्ये क यायला हवा होता, किंवा त्याची काही खूण. क्ल असलेल्या शब्दांचे फिनिश काय करते हे आपल्याला माहीत आहे : लिथुआनियन काक्लास, मान, हा शब्द फिनिशमध्ये काउला झाला, क विरघळून उ झाला. (काक्लासचा संबंध बहुतेक अभ्यासक संस्कृत चक्राशी लावतात, मान फिरते म्हणून. हे जाता जाता.) क चा त मात्र फिनिश कधी करत नाही. म्हणून कान्तेलेमधला त हा क्ल होण्याआधीचाच असला पाहिजे.

मराठी वाचकाला हे फार परके वाटू नये. आपण ‘दोस्त’ म्हणतो, ‘रोज’ म्हणतो, ‘पेशवा’ म्हणतो. आज तेहरानमध्ये हे शब्द ऐकलेत तर दूस्त, रूज़ आणि पीशवा असे ऐकू येतील. आपण बिघडवले असे नाही. इराणच्या फारसीत जुने ए आणि ओ पुढे ई आणि ऊ झाले. आपण शब्द घेतले ते त्याआधीचे, आणि तसेच जपले. पेशव्यांच्या दफ्तरातला ए आज तेहरानच्या फारसीत नाही, काबूलकडच्या फारसीत आहे आणि पुण्यात आहे. कान्तेलेच्या त चे नेमके हेच झाले आहे. देणाऱ्याच्या घरी बदल झाला, घेणाऱ्याच्या घरी वस्तू मूळ रूपात राहिली.

शब्दाच्या शेपटीतही एक खूण आहे आणि मला ती त-क पेक्षाही जास्त आवडते, कारण तिच्याकडे कुणी सहसा पाहत नाही. फिनिश कान्तेले हे नाव ‘ले’वर संपते, पण षष्ठी विचारली तर ‘कान्तेलेएन’, शेवटचा स्वर लांबतो. म्हणजे तिथे पूर्वी एक व्यंजन होते. कोणते, ते कारेलियन सांगते : कान्देलेह. तो ह् जुन्या श्-सारख्या ध्वनीपासून आला. आता वाटाण्याचा फिनिश शब्द घ्या : हेर्ने, षष्ठी हेर्नेएन, कारेलियन हेर्नेह. हा निर्विवाद बाल्टिक उसना शब्द आहे. लिथुआनियनमध्ये वाटाणा म्हणजे झिर्निस. झिर्निसचा ‘-इस’ फिनिकमध्ये ‘-एह’ झाला. मग *कान्त्लिसचा *कान्तेलेह व्हायला काय हरकत? न्-त्-ल् हा जुडगा फिनिक जिभेला नको होता, म्हणून मध्ये ए आला, आणि शेवट वाटाण्याच्या नियमाने लागला. वाद्य आणि वाटाणा एकाच गाडीतून उतरले.

हे संपर्क कधीचे? जुने. फिनिक भाषा एकच असताना, फिनलंडच्या आखाताच्या दक्षिणेकडे, आजच्या एस्टोनिया-लाटविया भागात तिचे बोलणारे बाल्टिक शेजाऱ्यांजवळ राहत होते. साधारण ख्रिस्तपूर्व पहिले सहस्रक आणि त्याच्या आधीचा काही काळ. असे बाल्टिक शब्द फिनिकमध्ये दोनशेच्या घरात आहेत, मोजणाऱ्याच्या कडकपणाप्रमाणे कमी-जास्त. आणि ते किरकोळ नाहीत. दात, मान, मुलगी, नवरी, पूल, गवत, हजार ही संख्यासुद्धा. उलट दिशेने बाल्टिकमध्ये गेलेले इतके जुने शब्द फारच थोडे. लग्ने झाली असणार, शेते शेजारी असणार, सणावारी एकमेकांच्या अंगणात जाणे असणार. त्यात एखादे वाद्य नावासकट आले तर नवल नाही.

या उसन्या शब्दांत आपल्याला ओळखीचे चेहरे भेटतात. राजहंस नव्हे पण साधा हंस-बदक कुळातला पक्षी, त्याला फिनिशमध्ये हान्हि म्हणतात. लिथुआनियन झाँसिस, संस्कृत हंस. चाकाला रातास; लिथुआनियनमध्येही रातास, संस्कृत रथ. मात्र इथे एक घोटाळा टाळा. फिनिशमध्ये साता म्हणजे शंभर, वासारा म्हणजे हातोडा, ओरया म्हणजे गुलाम. पहिला शत, दुसरा वज्र आणि तिसरा, वाचून धक्का बसेल, बहुधा आर्य. हे शब्द बाल्टिकमार्गे आलेले नाहीत. ते आणखी पूर्वेला, गवताळ प्रदेशात, इंडो-इराणी बोलणाऱ्यांकडून थेट आले, आणि त्यांचा थर वेगळा व आणखी जुना. कान्तेले त्या थरातले नाही. ‘फिनिशमध्ये संस्कृत आहे’ असे लिहिणारे लोक हे दोन्ही थर एकत्र कालवतात आणि मग कंठसारख्या गोष्टी जन्माला येतात.

आता प्रतिस्पर्धी मते. न सांगता पुढे गेले तर अन्याय होईल.

पहिले, फिनिशच्या घरातलेच मूळ. फिनिशमध्ये कान्सि म्हणजे झाकण, आणि विभक्ती लागली की त्याचे अंग ‘कान्ते-’ होते. वाद्याच्या वरच्या फळीलाही कान्सिच म्हणतात! म्हणजे कान्ते + ले, झाकणवाले. पहिल्यांदा हे पाहिले की कुणीही फसेल. अडचणी दोन. जुन्या कान्तेल्यांत स्वतंत्र झाकण नसलेली कितीतरी आहेत. लाकूड खालच्या बाजूने कोरायचे, की वरची फळी आपोआप अखंड राहते. ज्यात झाकण असेलच असे नाही, त्याला झाकणवाले का म्हणावे? आणि दुसरी, मोठी : मग लिथुआनियन कांक्लेसचे काय करायचे? ते फिनिकमधून गेले म्हणायचे तर त चा क का झाला याचे उत्तर बाल्टिकमध्ये त्ल होता असे मानूनच द्यावे लागते, आणि झाकणाचे अंग तर स्वरान्त, तिथे त् आणि ल् शेजारी नाहीतच. अशक्य नाही, पण दोन कसरती कराव्या लागतात, जिथे बाल्टिक मूळ धरले की एकही करावी लागत नाही.

दुसरे, रशियन गुस्ली. वायव्य रशियातली पंखाच्या आकाराची गुस्ली हे कान्तेल्याचेच भावंड वाद्य आहे, म्हणून नावही एकच असावे असे काहींना वाटले. गुस्लीचे जुने स्लाव्हिक रूप अनुनासिक ‘गों’ने सुरू होणारे, धातू गुणगुणणे-घुमणे या अर्थाचा. पण स्लाव्हिक अनुनासिक ओं फिनिशमध्ये कसा येतो ते माहीत आहे : कातायच्या लोकरीच्या पेळूला फिनिश कुओन्तालो म्हणते, आणि तो स्लाव्हिक ‘कोंदेल्’वरून. तिथे ‘उओन्’ झाले. गुस्लीवरून शब्द आला असता तर त्यातही उओ दिसला असता. व्होल्गाकाठी उलट चित्र आहे : उरालिक कुळातल्या मारी भाषेतले क्यूस्ले आणि तिच्या शेजारच्या, तुर्की कुळातल्या चुवाशमधले केस्ले हे गुस्लीच्या बाजूचे. म्हणजे फिनिशच्या दूरच्या उरालिक नातलगांकडे कान्तेले हा शब्द नाही. तो उरालिक वारसा नाही हे यावरूनही कळते.

तिसरे, कानून. अरबी कानून हा ग्रीक ‘कानोन’वरून आला, मूळ अर्थ मोजपट्टी, दंड, मग नियम. आपला कायदेकानूनमधला कानून आणि वाद्याचा कानून एकच. कान्तेल्याशी त्याचे देणेघेणे काहीही नाही. दोन्ही आडवी तंतुवाद्ये आणि दोन्हींची सुरुवात ‘कान्’ने, हा निव्वळ योगायोग. प्रश्नकर्त्यांच्या स्वरमंडलाचे मात्र कानूनशी नाते जोडायला जुना आधार आहे. अबुल फजलने आईने-अकबरीत सूरमंडलाचे वर्णन करताना ते कानूनसारखे असल्याचे म्हटले आहे. तेव्हा तुमच्या मांडीवरच्या वाद्याचा नातलग शोधायचा तर उत्तरेला नको, पश्चिमेला पाहा.

बाल्टिक मूळ कुणी नीट मांडले? फिनिश भाषापंडित एइनो निएमिनेन यांनी १९६३ मध्ये या एका शब्दावर आणि त्याच्या बाल्टिक सोबत्यांवर स्वतंत्र निबंध लिहिला. वर मी जी *कान्त्लिस-*कान्त्लेस रूपे दिली ती त्याच मांडणीतली. त्यांनी एक पायरी पुढे जाऊन त्यातला ‘कान्’ हा इंडो-युरोपीय *कन्, गाणे, या धातूशी जोडला. लॅटिन कानो म्हणजे मी गातो, आयरिश कानिम तोच. मग कान्तेले म्हणजे कन् + त्लो, गाण्याचे साधन. रचना अगदी आपल्या वादित्रसारखी. आणि तुम्ही वाचलेले ‘कान्तारे’ इथे येऊन मिळते, पण आई म्हणून नव्हे, लांबची चुलत बहीण म्हणून.

ही शेवटची पायरी पहिल्यांइतकी भक्कम नाही, असे माझे मत. कारण लिथुआनियन आणि लाटवियनमध्ये गाण्यासाठी कन् धातूचे क्रियापद नाही. लिथुआनियन गाते ते ‘गिएदोती’ आणि ‘दाइनुओती’ या शब्दांनी, लाटवियन ‘द्झिएदात’ने. (गिएदोती हे आपल्या ‘गा’चे भाऊबंद, गीत-गायनवाले. इथे मात्र संस्कृतशी नाते अस्सल आहे.) तेव्हा बाल्टिकमध्ये कन् कधीकाळी होता आणि केवळ या एका वाद्याच्या नावात उरला, असे मानावे लागते. असे होते. आपल्याकडे ‘दुह्’ कुणी रोजच्या बोलण्यात वापरत नाही, पण ‘दूध’ रोज पितो. तरी एकाच शब्दावर उभा केलेला धातू म्हणजे एका खांबावरचा मांडव. शब्द बाल्टिकमधून आला यावर मी पैज लावीन. त्याचा धातू ‘गाणे’च यावर लावीन, पण कमी रकमेची.

तो धातू खरा असेल तर एक गंमत निष्पन्न होते. त्याच कन् धातूपासून जर्मानिक भाषांत कोंबड्याचे नाव आले, *हानो, पहाटे गाणारा. जर्मन हान तोच. हा शब्द फिनिकने फार जुन्या काळी जर्मानिककडून घेतला. तेव्हा फिनिकमध्ये ह हा ध्वनीच नव्हता, म्हणून ह च्या जागी क बसला. परिणाम : फिनिशमध्ये काना म्हणजे कोंबडी. एकाच धातूची दोन पिले, एक बाल्टिक वाटेने आले आणि वाद्य झाले, दुसरे जर्मानिक वाटेने आले आणि खुराड्यात बसले.

नाव जुने म्हणजे वाद्य तेवढेच जुने, असे मात्र समजू नका. ही उडी पर्यटन-पुस्तिका सर्रास मारतात : ‘तीन हजार वर्षांचे कान्तेले’. शब्द तेवढा जुना असू शकतो, पण त्या वेळी तो नेमक्या कोणत्या वस्तूला लावत हे शब्द सांगत नाही. या वाद्यकुळाचे हाती लागलेले पुरावे मध्ययुगाचे. रशियातल्या नोव्हगोरोदच्या उत्खननात अकराव्या शतकातली गुस्ली मिळाली, तिच्यावर ‘स्लोविशा’ अशी अक्षरे कोरलेली, बहुधा मालकाचे नाव. त्याहून जुने लाकूड सहसा टिकत नाही. शिवाय नावे एका वाद्यावरून दुसऱ्यावर सहज जातात. घोड्याच्या केसांच्या तारा असलेले आणि गजाने वाजवायचे एक फिनिश वाद्य आहे, आज त्याला योउहिक्को म्हणतात. पूर्वी त्याला योउहिकान्तेले, ‘घोडकेसांचे कान्तेले’ म्हणत. छेडायचे नव्हे, घासायचे वाद्य, तरी कान्तेलेच. बायबलच्या फिनिश भाषांतरांत बाबिलोनच्या नदीकाठी वाळुंजांवर टांगलेल्या वीणाही कान्तेलेच झाल्या. म्हणजे शब्दाचा अर्थ बराच काळ ‘तारांचे वाद्य’ इतका सैल होता.

आज ज्याला कान्तेले म्हणतात त्याचे सर्वांत साधे रूप पाच तारांचे. ते जवळून पाहण्यासारखे आहे. लाकडाचा एकच ओंडका कोरलेला. निमुळत्या टोकाला एक धातूची सळई आडवी बसवलेली, तारा तिच्याभोवती गाठ मारून सुरू होतात. दुसऱ्या टोकाला लाकडी खुंट्या, तार थेट खुंटीला गुंडाळलेली. घोडी नाही, मेरू नाही. त्यामुळे तार वर-खाली थरथरते तेव्हा तिचे टोक सळईवर असते, आणि आडवी थरथरते तेव्हा गाठीवर. दोन लांब्यांत केसाएवढा फरक, म्हणून एकाच तारेतून दोन अगदी जवळचे सूर निघतात आणि आवाज लाटेसारखा वर-खाली होतो. तंबोऱ्याची जवारी वेगळ्या युक्तीने साधते, पण कानाला मिळणारे समाधान त्याच जातीचे. सुरावट सा रे ग म प. गंधार कधी शुद्ध, कधी कोमल, आणि जुन्या खेड्यातल्या वादकांकडे दोहोंच्या मधला. तारेला फिनिशमध्ये म्हणतात किएलि. जिभेलाही किएलि आणि भाषेलाही किएलि.

मोठी कान्तेली एकोणिसाव्या शतकात फळ्या जोडून करू लागले, तारा वाढत गेल्या. मैफलीच्या आजच्या कान्तेल्यात पस्तीस-चाळीस तारा आणि सूर बदलायच्या कळी असतात. ती घडवण्याचे श्रेय १९२० च्या दशकात काम करणाऱ्या पाउल साल्मिनेन यांना. पाच तारांचे वाद्य मात्र मागे पडले होते, ते १९८० च्या दशकात शाळांमधून परत आले.

हे सगळे राष्ट्रीय प्रतीक का झाले, त्याचे कारण एलिआस ल्योनरोत. या वैद्याने कारेलियाकडची लोकगीते गोळा करून १८३५ मध्ये आणि वाढवून १८४९ मध्ये ‘कालेवाला’ हे महाकाव्य प्रसिद्ध केले. त्यात नायक व्हॅइनामोइनेन पाइक या मोठ्या माशाच्या जबड्याचे पहिले कान्तेले करतो. ते समुद्रात हरवते, मग तो बर्च झाडाचे दुसरे करतो आणि मुलीच्या केसांच्या तारा लावतो. पण ल्योनरोतनेच १८४०-४१ मध्ये काढलेल्या दुसऱ्या संग्रहात, ज्यात बायकांची गाणी खूप आहेत, एक गीत या कथेला सरळ खोटे म्हणते. माशाच्या हाडांचे म्हणणारे लबाड, वाद्य दुःखांचेच केले आहे : पेटी कठीण दिवसांची, तारा छळातून गोळा केलेल्या, खुंट्या उरलेल्या संकटांच्या. ओवी गाणाऱ्या कुठल्याही बाईला हे पटेल.

त्या संग्रहाचे नाव ‘कान्तेलेतार’. ल्योनरोतने ते बनवले कान्तेले आणि ‘-तार’ जोडून. ‘-तार’ हा स्त्रीवाचक प्रत्यय त्यूतॅर, म्हणजे मुलगी, या शब्दातून झिजून आलेला. आणि त्यूतॅर हाही बाल्टिकमधूनच आलेला शब्द : लिथुआनियन दुक्ते, संस्कृत दुहितृ. मराठीने दुहितेला पोथीत ठेवले आणि घरात मुलगी-लेक आणली. कोकणीत मात्र ‘धूव’ अजून रोजच्या बोलण्यात आहे. फिनिश देशाभिमानाचे इतके मोठे नाव, आणि त्याचे दोन्ही तुकडे शेजाऱ्यांचे.

एक लिहिण्याची सूचना, कारण मराठी लेखांत ‘कँटेले’ आणि ‘कंटाले’ दोन्ही पाहिले आहेत. इंग्रजीवरून घेतल्यामुळे ट येतो. फिनिश त दातांजवळचा, आपल्या ‘त’सारखा, जोर पहिल्या अक्षरावर, तीनही स्वर ऱ्हस्व, शेवटचा ए खाऊ नका. देवनागरीत ‘कान्तेले’ लिहा. आणि लिथुआनियन नाव लिहाल तेव्हा क्रियापद अनेकवचनी वापरा. कांक्लेस हा शब्द व्याकरणाने कायम अनेकवचनी आहे, जशा आपल्या चिपळ्या. वाद्य एक असले तरी कांक्लेस ‘वाजवल्या’च जातात.